घोड्याच्या तोंडातील लोखंड आणि माणसाचा हात

घोड्याला शिकवण्यासाठी माणसाने घडवलेल्या साधनांची यादी फार लांब नाही. तोंडात बसणारे लोखंडी कडियाळ, त्याच्या दोन टोकांना जोडलेल्या लगामाच्या वाद्या, नाकाभोवती आवळली जाणारी नाकपट्टी, डोके वर उचलण्यास अटकाव करणारा जेरबंद, टाचेला बांधायचा काटा, हातातला चाबूक आणि घोड्याला वर्तुळात फिरवताना धरायची लांब बागडोर, एवढ्यात ती बहुतेक संपते. आणि गेल्या दोन हजार वर्षांत तिच्यात मूलभूत भर फारशी पडलेली नाही. बदलत आला आहे तो या साधनांविषयीचा विचार. कोणते साधन क्रूर आणि कोणते सौम्य, हा वाद जुना असून तो बहुधा साधनाच्या आकारावरच अडकून पडतो: जाड कडियाळ सौम्य, बारीक कडियाळ कठोर, काटा वाईट, मोरकी चांगली. प्रस्तुत व्याख्यानाची मांडणी अशी आहे की हा वाद अर्ध्या वाटेवर थांबतो. साधनाचा दाब घोड्याला हलायला लावतो, पण त्याला शिकवतो तो दाब नाहीसा होण्याचा क्षण. म्हणून साधन किती जोराने लागते याच्याबरोबरच ते किती लवकर आणि किती नेमकेपणाने सोडता येते, हे पाहिल्यावाचून त्याच्या सौम्यपणाचा निवाडा करता येत नाही.

कडियाळ नेमके कोठे बसते, येथून सुरुवात करणे इष्ट आहे. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी जागा असते. नरांमध्ये तेथे बहुधा सुळे उगवतात, तरीही पुरेशी फट उरते, आणि याच फटीत माणसाने लोखंड बसवले. तेथील खालच्या जबड्याचे हाड अरुंद कडेसारखे असून त्यावर केवळ पातळ अंतस्त्वचेचे आवरण असते, तर जीभ तोंडाची पोकळी जवळजवळ भरून टाकते. त्यामुळे वादी ओढली की दाब प्रथम जिभेवर, मग हाडाच्या या कडेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर येतो. बारीक कडियाळ तेवढाच जोर लहान क्षेत्रावर टाकते आणि म्हणून अधिक बोचते, हे खरे. परंतु जाड ते सौम्य हा समजही सरसकट स्वीकारता येत नाही, कारण लहान तोंडाच्या घोड्यात जाड लोखंड जिभेला जागाच ठेवत नाही आणि वादी ढिली असतानाही दाब कायम राहतो.

कडियाळाचे दोन मुख्य प्रकार आहेत. साध्या कडियाळात, ज्याला इंग्रजी परंपरेत स्नॅफल म्हणतात, वादी थेट तोंडाच्या कडेच्या कडीला जोडलेली असते आणि हाताने जेवढा जोर लावावा तेवढाच तोंडाला पोहोचतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कर्बमध्ये, कडीऐवजी उभ्या दांड्या असतात. दांडीचे वरचे टोक डोक्यावरच्या पट्ट्याला आणि हनुवटीखालच्या साखळीला, तर खालचे टोक वादीला जोडलेले असते, आणि अशा रीतीने तरफ तयार होते. वरचा भाग ५ सेंटीमीटर आणि खालचा १० सेंटीमीटर असेल, तर वादीवर लावलेला १ किलोचा जोर हनुवटीच्या साखळीवर सुमारे २ किलो होतो आणि तोंडातील लोखंडावर एकूण सुमारे ३ किलोचा भार येतो. हे गणित माहीत नसलेल्या स्वाराला आपण हळूच ओढत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. मात्र याच साधनाची दुसरी बाजू अशी की दांडी फिरून साखळी ताणली जाईपर्यंत क्षणभराचा अवकाश मिळतो, आणि जाणत्या हाताखालचा घोडा त्या अवकाशातच, दाब पूर्ण येण्याआधी, उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणजे एकच साधन एका हातात यातना ठरते आणि दुसऱ्या हातात जवळजवळ केवळ सूचना ठरते. युरोपीय अभिजात अश्वविद्येत कर्ब शिक्षणाच्या शेवटी, हात स्थिर झालेल्या स्वाराला आणि साध्या कडियाळावर तयार झालेल्या घोड्यालाच मिळत असे, त्यामागचे कारण हेच.

हात स्थिर होणे म्हणजे हात ताठ ठेवणे नव्हे. घोडा चालताना त्याची मान पावलागणिक पुढेमागे होते, आणि हात एका जागी रोवलेला असेल तर स्वाराच्या मनात नसतानाही प्रत्येक पावलाला तोंडात एक हिसका बसतो. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याला बादली पाण्याला टेकल्याचे, भरल्याचे, कपारीला लागल्याचे दोरावरूनच समजते, तसे वादीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे हे स्वाराच्या बोटांना समजले पाहिजे. अशा हातासाठी आधी आसन लागते. ज्याचा तोल खोगिरावर स्वतंत्रपणे सांभाळला जात नाही तो तोल जाताच लगामाला लोंबकळतो, आणि त्याच्या भीतीची किंमत घोड्याचे तोंड चुकवते. म्हणूनच चांगल्या शाळांमध्ये नवशिक्याला प्रथम वाद्या हाती न देता बागडोरीवर वर्तुळात फिरणाऱ्या घोड्यावर बसवून केवळ तोल शिकवला जातो.

आता मूळ मुद्दा. वर्तनशास्त्रात ज्याला ऋण प्रबलन म्हणतात, त्यात एखादी नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे त्याआधीचे वर्तन बळकट होते. ऋण या शब्दाचा अर्थ येथे वाईट असा नसून वजा करणे एवढाच आहे. वर्तनाच्या परिणामावरून प्राणी शिकतो हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला आणि बी. एफ. स्किनर यांनी पुढे त्याचे सविस्तर शास्त्र केले. घोड्याचे बहुतेक पारंपरिक शिक्षण, शिकवणाऱ्याला नाव माहीत असो वा नसो, याच तत्त्वावर चालते. पोटरीचा हलका दाब दिला, घोडा हलला नाही, दाब किंचित वाढवला, घोड्याने एक पाऊल टाकले आणि त्याच क्षणी पोटरी सैल झाली, तर घोड्याच्या दृष्टीने त्या पावलानेच दाब नाहीसा केला. असे काही वेळा घडले की मोठ्या दाबाच्या आधी येणारा हलका दाब हाच संकेत बनतो, ज्याप्रमाणे इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगात अन्नाच्या आधी मिळणारी खूण पुरेशी ठरली, आणि मोठ्या दाबाची गरज उरत नाही. या साखळीत सोडण्याची क्रिया उशिरा झाली तर तिचा संबंध दुसऱ्याच वर्तनाशी जोडला जातो. घोड्याने डोके झटकले, स्वार दचकला आणि त्याने वाद्या सोडल्या, की घोडा डोके झटकायला शिकतो. तो खोडकर नसून उत्तम विद्यार्थी असतो, फक्त धडा चुकीचा दिला गेलेला असतो. याउलट घोड्याने बरोबर उत्तर देऊनही दाब हटला नाही, किंवा टाच पुढे हाकत असताना लगाम मागे खेचत राहिला, तर कोणत्याच उत्तराने सुटका होत नाही असे त्याच्या अनुभवाला येते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून या अवस्थेचे वर्णन केले, आणि तिला पुढे शिकलेली असहायता हे नाव रूढ झाले: सुटकेचा उपाय नाही असे ठरले की प्राणी उपाय शोधणेच सोडतो. लगामाला दाद न देणारा, टाचेला बधिर झालेला म्हणून हिणवला जाणारा घोडा पुष्कळदा याच वाटेने तेथे पोहोचलेला असतो, आणि मग त्याच्यासाठी अधिक धारदार कडियाळ विकत आणले जाते.

घोडा किती सूक्ष्म संकेत ओळखू शकतो याचा सर्वांत बोलका पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मिळाला. विल्हेल्म फॉन ऑस्टन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खुराचे ठोके देऊन सांगत असे, आणि १९०४ मध्ये नेमलेल्या समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने पद्धतशीर प्रयोग करून, आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध करून, असे दाखवले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर हान्सचे गणित कोलमडते. प्रश्नकर्ता खुराकडे पाहण्यासाठी नकळत किंचित वाकत असे आणि अपेक्षित ठोका पडताच त्याचे डोके नकळत किंचित वर येत असे. घोडा तेवढे पाहून थांबत असे. फुंग्स्टचा प्रयोग मानसशास्त्रात सहसा संशोधकाच्या नकळत होणाऱ्या सूचनेचा धडा म्हणून सांगितला जातो आणि घोडा त्यात जणू उघडकीला आलेला भामटा ठरतो. अश्वविद्येच्या दृष्टीने निष्कर्ष उलट निघतो. देणाऱ्यालाही न कळलेली हालचाल ज्याने वाचली, त्या प्राण्याच्या तोंडात दातेरी लोखंड घालण्याचे कारण त्याच्या मंदपणात शोधता येत नाही.

ही जाण सर्वस्वी आधुनिक नाही. अश्वशिक्षणावरील उपलब्ध ग्रंथांपैकी अतिप्राचीन असा, मितन्नी देशाच्या किक्कुलीचा हित्ती भाषेतील मजकूर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मातीच्या पाट्यांवर मिळाला असून तो आज तुर्कस्तानात असलेल्या हत्तुशा नगरीच्या अवशेषांत सापडला; त्यात एकवर्तन, पंचवर्तन, सप्तवर्तन, नववर्तन या शब्दांशी उघड नाते सांगणाऱ्या संज्ञा आहेत, आणि त्याचा भर साधनांपेक्षा चाल, वैरण, पाणी, आंघोळ आणि विश्रांती यांच्या वेळापत्रकावर आहे. पूर्ण विचार मात्र ग्रीक सेनानी झेनोफन याच्या इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रंथात आढळतो. घोड्याजवळ रागाच्या भरात जाऊ नये, असे तो बजावतो. ज्या वस्तूला घोडा बुजतो तिच्याकडे त्याला मारून नेल्यास, वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे घोड्याला वाटून भीती वाढते, हे त्याचे निरीक्षण आजच्या वर्तनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जसेच्या तसे बसेल. आणि आज्ञा पाळताच लगाम सैल सोडावा, हा त्याचा नियम म्हणजे या व्याख्यानाचा मुख्य मुद्दाच होय. तरी झेनोफनला मवाळ ठरवणे चुकीचे होईल. स्वाराकडे दोन कडियाळे असावीत, एक गुळगुळीत आणि एक धारदार चकत्यांचे, असे तो सांगतो, आणि धारदार कडियाळाने हलकेपणा शिकलेला घोडा गुळगुळीत कडियाळाचे स्वागत करील अशी त्याची कल्पना आहे. पहिला अनुभव वेदनेचा देऊन मग दिलासा देण्याची ही युक्ती आज कोणी जाणता मान्य करणार नाही. पण त्याच्या योजनेत कठोर साधन ही तात्पुरती पायरी आहे, कायमची सोय नाही, हा फरक त्याचे अनुयायी अनेकदा विसरले.

भारतीय परंपरेत शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथांत घोड्याची परीक्षा, चाली आणि शिक्षण यांचा विचार येतो. कोणत्या दोषासाठी चाबूक शरीराच्या कोणत्या भागावर मारावा हे सांगतानाच भलत्या जागी आणि भलत्या वेळी मारलेल्या घोड्यात नवे दोष उत्पन्न होतात, असा इशारा अश्वशास्त्राची परंपरा देते. शिक्षेची जागा ठरवून देण्यात तिचे स्वरूप मर्यादित करण्याची इच्छा दिसते, आणि ती कौतुकास्पद आहे. मात्र भीतीमुळे झालेल्या वर्तनालाही दोष मानून त्यावर चाबकाचा उतारा सुचवण्याची तिची रीत आज टिकणारी नाही.

युरोपात नेपल्सच्या फेडेरिको ग्रिझोने याने १५५० मध्ये छापलेल्या ग्रंथाला मोठी मान्यता लाभली, आणि अडलेल्या घोड्याला पुढे काढण्यासाठी काठीला मांजर बांधून त्याच्या मागे धरण्यासारखे उपाय त्या ग्रंथात आहेत. फ्रान्सचा आंत्वान द प्ल्युव्हिनेल नेपल्सच्याच परंपरेत शिकला, पण राजा तेराव्या लुईच्या या गुरूने, त्याच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, शिक्षेत काटकसर आणि कौतुकात उदारपणा यांचा पुरस्कार केला. १७३३ मध्ये फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर याने पुढचे पाऊल टाकले. घोडा तोल सांभाळून हलका चालू लागताच स्वाराने हात खाली सोडून द्यावा, म्हणजे वादीचा ताण जाऊनही घोडा त्याच चालीत राहतो की नाही हे कळते, अशी त्याची रीत होती. तीत बक्षीस आणि परीक्षा एकाच हालचालीत साधते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलने याच परंपरेचा वारसा जपला.

चाबकाविषयी आता अधिक निश्चितपणे बोलता येते. घोड्याची कातडी जाड, म्हणून त्याला फारसे लागत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. परंतु पाठीवर बसलेल्या माशीने ज्याची त्वचा थरथरते त्या प्राण्याविषयी हा समज निर्माण व्हावा हेच नवल. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० मध्ये घोड्याच्या आणि माणसाच्या त्वचेची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली, तेव्हा वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत आणि बाहेरच्या थराच्या जाडीत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २०११ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या पॉल मॅकग्रीव्ही यांनी सहकाऱ्यासह केलेल्या अभ्यासात शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात चाबूक मारल्याने घोड्याच्या यशाची शक्यता वाढल्याचे दिसले नाही. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतींतील चाबकावर बंधन घातले, तर ब्रिटनने २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ आणि उड्यांच्या शर्यतीत ७ फटक्यांची मर्यादा ठेवली. मोजून मारण्याची परवानगी देणारा नियम चाबूक शिक्षेचे हत्यार आहे हे गृहीतच धरतो. प्रशिक्षणात चाबकाचे खरे काम वेगळे आहे: तो हाताची लांबी वाढवतो, बागडोरीवरच्या घोड्याला दिशा दाखवतो, मागच्या पायाला स्पर्श करून कोणता पाय हलवायचा ते सांगतो. त्या अर्थाने कुशल चाबुकस्वाराच्या हातचा चाबूक क्वचितच आवाज करतो. टाचेच्या काट्याचेही तसेच. गोलसर टोकाचा काटा स्थिर पायाला सूक्ष्म बोलण्याची सोय देतो, आणि हलत्या पायाला तो बांधणे म्हणजे घोड्याच्या बरगड्यांवर अखंड टोचणी ठेवणे होय.

या चर्चेतून साधनांची एक निराळी वर्गवारी सुचते, आणि ती जाड-बारीक या वर्गवारीपेक्षा उपयुक्त आहे. काही साधने हातात असतात, काही बांधलेली असतात. हातातले साधन कितीही तीक्ष्ण असले तरी ते क्षणात सोडता येते. बांधलेले साधन, मग ते मऊ कातड्याचे का असेना, घोड्याच्या उत्तराची दखल घेत नाही. आखूड केलेला जेरबंद, आवळलेली नाकपट्टी, खोगिराला बांधून टाकलेल्या बाजूच्या वाद्या ही सारी या दुसऱ्या वर्गातली, आणि नेमकी तीच दिसायला निरुपद्रवी असल्याने टीकेतून सुटत आली. घट्ट नाकपट्टी घोड्याला तोंड उघडून कडियाळापासून सुटका करून घेण्याचा शेवटचा मार्ग बंद करते आणि त्याच वेळी तो अस्वस्थ असल्याची खूणही परीक्षकापासून लपवते. नाकाच्या हाडावर दोन बोटे बसतील एवढी ती सैल असावी हा जुना नियम, पण बोटे कोणाची, हा प्रश्न उरत असे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ पासून त्यासाठी ठरावीक मापाचे उपकरण आणले. हनुवटी छातीला टेकेपर्यंत बळाने मान वाकवण्याच्या पद्धतीला याच महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरवले होते. घोडा केवळ नाकाने श्वास घेऊ शकतो, हे लक्षात घेता या बंधनांचे महत्त्व अधिकच वाढते. कडियाळच काढून टाकण्याची अलीकडची सूचनाही या कसोटीवर तपासावी लागते, कारण दांड्यांची तरफ असलेली बिनकडियाळी सामग्री नाकाच्या पातळ हाडावर तसाच भार टाकू शकते.

घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, आणि शंका येताच तो आधी धावतो. या स्वभावावर साधनाने मात करता येत नाही, सवयीनेच करता येते. वारीतील रिंगणात टाळमृदंगाच्या गजरात, माणसांच्या दोन भिंतींमधून माउलींचा अश्व स्वाराविना धावतो, तेव्हा भाविकाला त्यात जे दिसायचे ते दिसते. अश्वविद्येच्या अभ्यासकाला त्यात अनोळखी गर्दी आणि आवाज यांच्याशी झालेला परिचयही दिसतो. याच्या उलट टोकाचे दृश्य २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिले. आधुनिक पेंटाथलॉन या स्पर्धेत खेळाडूला चिठ्ठीने मिळालेला अनोळखी घोडा केवळ २० मिनिटांत ओळखीचा करून घ्यावा लागे. एक घोडा बिथरला, अडला, रडवेली झालेली स्वार चाबूक आणि टाच वापरत राहिली, आणि कुंपणाबाहेरून प्रशिक्षिकेने त्याला ठोसा मारला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या क्रीडाप्रकारातून घोडेस्वारी वगळण्यात आली. दोष एका स्वारावर टाकण्याची घाई तेव्हा झाली. पण ज्या रचनेत घोड्याला संकेत शिकवण्याला आणि स्वाराला घोडा वाचण्याला वेळच ठेवलेला नव्हता, तिथे साधन हे संवादाचे न राहता सक्तीचे होणार हे आधीच ठरलेले होते.

भारतात हा प्रश्न स्पर्धेच्या मैदानापेक्षा रस्त्यावर अधिक आहे. काटेरी कडियाळ, म्हणजे तोंडात टोचणारे दाते असलेले लोखंड, येथे जुने आहे. एका हातात भाला वा तलवार असलेल्या स्वाराला दुसऱ्या हाताने घोडा जागच्या जागी थांबवावा आणि वळवावा लागे, त्या गरजेने त्याचा प्रसार समजण्यासारखा आहे. लढाई गेली आणि ते लोखंड टांग्यात, वरातीत आणि भाड्याच्या घोड्यांच्या तोंडात राहिले, जिथे त्याचे काम केवळ दमलेल्या वा घाबरलेल्या जनावराला गर्दीत रोखून धरण्याचे आहे. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी टोकदार कडियाळांना बंदी केली आहे, आणि तरीही जप्त केलेल्या काटेरी लगामांच्या बातम्या आजही येत असतात. कायदा साधनाचा आकार पाहू शकतो, ते धरणारा हात पाहू शकत नाही; म्हणून बंदी आवश्यक असली तरी तिच्यामागे हात घडवण्याची काही व्यवस्था असावी लागते.

माथेरानसारख्या मोटारींना मज्जाव असलेल्या गिरिस्थानावर, महाबळेश्वराच्या पठारावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने दिल्या जाणाऱ्या घोड्याच्या बाबतीत ही अडचण सर्वांत तीव्र आहे, कारण त्याच्या पाठीवर तासागणिक नवा स्वार बसतो आणि त्या प्रत्येकाला वाद्या धरायच्या असतात, फोटोसाठी तर ताणूनच. अशा स्वाराला सोडण्याची वेळ शिकवणे शक्य नाही. ग्राहकाच्या हाती द्यायच्या वाद्या कडियाळाला न जोडता मोरकीच्या कड्यांना जोडाव्यात, तोलासाठी त्याला खोगिराची पुढची मूठ धरायला सांगावे, आणि घोड्याला खरोखर थांबवण्याचे वा वळवण्याचे काम सोबत चालणाऱ्या घोडेवाल्याच्या बागडोरीकडे राहू द्यावे, एवढा बदल करायला नवे साधन लागत नाही; मोरकी त्या घोड्याच्या डोक्यावर एरवीही असतेच. घोडेवाल्यांच्या संघटना आणि नगरपालिका यांनी परवान्याच्या अटींमध्ये ही जोडणी लिहून घेतली, तर ती तपासायला दोरीकडे एक नजर टाकणे पुरेसे होईल.